हयातीचा दाखला आणि शेजारच्या आजी

संपादक, सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर लागला की पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते, म्हणून मुद्दाम लिहितेय. आमच्या सोलापुरात विडी कामगार बायका खूप, त्यातल्याच एक आजी आमच्या शेजारी राहतात. चाळीस वर्षं विड्या वळल्या त्यांनी, अंगठ्याच्या रेषाच झिजून गेल्यात. मागे मशीनवर ठसा काही उमटेना, तीनदा रिक्षाने हेलपाटे घातले, शेवटी दाखला नाही म्हणून पेन्शन थांबली. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची पेन्शन, 2014 साली ठरलेली किमान 1000 रुपये महिना. हजारात काय होतं असं वाटेल आपल्याला, पण त्यांच्या बीपीच्या गोळ्या त्यातूनच येतात.

हे मला चार महिन्यांनी कळलं आणि फार वाईट वाटलं, कारण चेहरा स्कॅन करून दाखला काढायची सोय 2021 मध्येच आली होती आणि ते काम माझ्या हातातल्या फोनवर होणारं होतं, फक्त मी कधी विचारलंच नव्हतं. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप घ्यायची, आधी आपली स्वतःची नोंदणी करायची, मग त्याच फोनवरून आळीतल्या सगळ्यांचे दाखले काढता येतात. आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), बँक खात्याचा नंबर आणि मोबाईलवर येणारा ओटीपी एवढंच लागतं. त्यांना उजेडात बसवायचं आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगायचं. फॉर्ममध्ये पुन्हा लग्न केलंय का असाही प्रश्न असतो, तो वाचून दाखवला तर आजी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की स्कॅन थोडं थांबूनच करावं लागलं!

एक मात्र कळकळीने सांगते, ओटीपी त्यांच्यासमोरच टाका, आणि दाखल्याचं नाव सांगून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर द्यायचा नाही हे त्यांना दोनदा बजावा.

मंडळाच्या पोरांना विचारलं तर लगेच तयार झाली, येत्या दोन रविवारी देवळापुढे टेबल टाकून बसणार आहेत. तुमच्या गल्लीतल्या पोरांनाही विचारून बघा ना.

आजींचा दाखला काढल्या दिवसापासून वर्षभर चालतो. पुढच्या वर्षीच्या त्या तारखेला त्यांनी माझ्याकडून आत्ताच गोल करून घेतलाय.

— एक वाचक, सोलापूर