भाषाविज्ञान घ्या; पण एकटे घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले की ‘वेगळ्या वाटां’च्या पुरवण्यांत भाषाविज्ञानाचेही नाव येते. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाल्यापासून, आणि मोबाइलशी मराठीत बोलता येऊ लागल्यापासून, जरा जास्तच येते. ‘एआय, अनुवाद, स्पीच थेरपी, संशोधन अशा अनेक संधी’ एवढे लिहून विषय संपवला जातो. त्यातली स्पीच थेरपी तर सरळसरळ चूक आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पहिला घोळ नावातच आहे. भाषाविज्ञान म्हणजे भाषा शिकणे नव्हे. जर्मन-जपानी बोलता यावे म्हणून कोणी येत असेल, तर दार चुकले. कविता-कादंबरीची ओढ असेल, तर साहित्याचा विभाग शेजारी आहे. इथे भाषा उलगडून बघायची असते. ‘तू आंबा खाल्लास’, ‘तू पोळी खाल्लीस’ ही दोन वाक्ये घ्या. क्रियापदाचे लिंग आंब्याकडून आणि पोळीकडून आले, शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’कडून. एकाच क्रियापदावर दोघांची सही! हिंदीत ‘तूने रोटी खाई’ म्हटले की ‘तू’चा मागमूस क्रियापदावर राहत नाही. किंवा ‘जरा थांब’मधला ‘ज’ आणि ‘जराजर्जर’मधला ‘ज’: लिहिताना एक, बोलताना दोन. असल्या गोष्टींचे नियम शोधणे, ते कुठे मोडतात ते पाहणे आणि नियम पुन्हा मांडणे, हे पदवीभर चालते. स्वनविज्ञान (ध्वनींचा अभ्यास), स्वनिमविचार (भाषेतल्या ध्वनिव्यवस्थेचा), रूपविचार (शब्दांच्या घडणीचा), वाक्यविचार, अर्थविचार, समाजभाषाविज्ञान आणि भाषांचा इतिहास असे साधारण गाठोडे असते. यात पाठांतर कमी आणि तर्क जास्त. गणिताला कंटाळून कला शाखेत आलेल्यांची वाक्यविचारात दमछाक होते ती याचमुळे.

शिकायचे कुठे? महाराष्ट्रात भाषाविज्ञान हाच मुख्य विषय घेऊन बी.ए. करण्याची सोय दुर्मीळ आहे, मराठीच्या बी.ए.त त्याची एखाद-दुसरी प्रश्नपत्रिका असते, तेवढीच. बाहेर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात बी.ए. ऑनर्स आहे, बनारस हिंदू विद्यापीठात बी.ए.ला हा विषय घेता येतो आणि हैदराबाद विद्यापीठात बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एम.ए. आहे. हैदराबादच्याच ट्रिपल आयटीत संगणकशास्त्राचे बी.टेक. आणि संगणकीय भाषाविज्ञानाचे संशोधनाधारित एम.एस. अशी पाच वर्षांची जोडपदवी मिळते, मात्र तिला बारावीचे गणित लागते. राज्यातच राहायचे असेल, तर दुसऱ्या विषयात पदवी घेऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा मुंबई विद्यापीठात एम.ए. करणे हा रुळलेला मार्ग. आमच्या मते बहुतेकांसाठी तोच बरा, कारण पदवीच्या वर्षांत दुसरे एखादे कौशल्य पक्के करायला वेळ मिळतो. ते का लागते, हे एका अक्षरावरून सांगतो.

‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’. पहिल्यात प्रवचन होईल, दुसऱ्यात जेवण. सगळा फरक त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’चा. संगणकात तो तीन तऱ्हांनी साठवलेला आढळतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह (युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत 0931) आणि पुढे हलन्त. दोन, साधा ‘र’, त्याला नुक्ता (खालचे टिंब), मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते तीन वेगळे शब्द. शब्दकोशासाठी वारंवारता मोजायला बसलात, तर ‘दऱ्या’ तीन ठिकाणी विखुरलेला सापडतो. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण चालवले की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात, तिसरी तशीच राहते. खरी गंमत पुढे आहे. मजकूर ‘साफ’ करताना प्रोग्रामर अदृश्य चिन्हे सरसकट उडवतो, कारण इंग्रजी मजकुरात त्याने काही बिघडत नाही. इथे ते जोडचिन्ह उडाले की ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते, दऱ्यांचा दर्या होतो, आणि चूक कुठे झाली ते शोधूनही सापडत नाही. नुसत्या प्रोग्रामरला हे कळत नाही. नुसत्या भाषाशास्त्र्याला कळते, पण लाखो ओळींत ते दुरुस्त करता येत नाही. दोन्ही येणाऱ्याला पायथनच्या दहा ओळी पुरतात. नोकरी मिळते ती त्याला.

मजकुराला खुणा लावण्याच्या, म्हणजे यंत्रासाठी प्रत्येक शब्दाचा प्रकार नोंदवण्याच्या, कामाचेही तेच. ‘वर’ हा शब्द ‘तो वर गेला’त क्रियाविशेषण, ‘टेबलावर’मध्ये शब्दयोगी, ‘वर-वधू’त नाम आणि ‘वर मागितला’ म्हटले की वेगळेच नाम. दोघांना तीच दोनशे वाक्ये स्वतंत्रपणे द्यायची, उत्तरे ताडून पाहायची, मतभेद झाले तिथे नियमावली सुधारायची आणि मगच पुढचे काम सुरू करायचे. नव्वद टक्के जुळले म्हणून खूश होऊ नये. एकच खूण नव्वद टक्के ठिकाणी लागत असेल, तर डोळे मिटून लावली तरी तेवढे जुळते. म्हणून योगायोग वजा करणारा ‘कप्पा’ नावाचा आकडा मोजतात. एवढे संख्याशास्त्र पदवीतच यायला हवे. नुसत्या खुणा लावण्याचे काम नगावर मिळते, पैसे बेताचे आणि बढती नाही. नियमावली लिहिता येणाराच टिकतो.

अशी कामे आज आहेत. केंद्र सरकारचा भारतीय भाषांतल्या यांत्रिक अनुवादाचा ‘भाषिणी’ प्रकल्प 2022 पासून चालू आहे. आयआयटी मुंबईत मराठी शब्दजाल (अर्थसंबंधांनी शब्द जोडणारा संगणकीय कोश, ‘वर्डनेट’) उभे राहिले, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत भारतीय भाषांच्या संगणनाचे काम जुने आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था 1969 पासून आहे. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांच्या नोंदणीची योजना तिथूनच चालते. मात्र प्रकल्पांवरच्या जागा बहुधा कंत्राटी असतात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करण्याची तयारी हवी. कोशाच्या कामाला तर धीर लागतो: डेक्कन कॉलेजातला संस्कृतचा ऐतिहासिक कोश 1948 साली हाती घेतला, अजून चालू आहे.

क्षेत्रकार्याची आवड असेल, तर आपल्याच राज्यात खजिना आहे. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, यवतमाळकडची कोलामी द्राविडी, आणि बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूची निहाली कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही. नवखे मात्र तिथे जाऊन ‘तुमच्यात याला काय म्हणतात?’ असे प्रमाण मराठीत विचारतात, आणि समोरचा पाहुण्याचा मान राखून प्रमाण मराठीकडे झुकतो. त्याऐवजी चित्र दाखवावे, गोष्ट सांगायला लावावी. दुसरी चूक ध्वनिमुद्रणाची. व्हॉट्सॲपवर मागवलेला आवाज फाइल लहान करण्यासाठी दाबला जातो आणि ‘स-श’सारख्या ध्वनींचा उंच पट्टा त्यात मार खातो. न दाबलेली वेव्ह फाइल, 44.1 किलोहर्ट्‌झ, 16 बिट, पंखा बंद. एका तासाच्या मुद्रणाचे बारकाईने लिप्यंतर करायला तीस-चाळीस तास सहज लागतात, हे वेळापत्रक आखतानाच धरावे.

आता फसगतीच्या जागा. स्पीच थेरपिस्ट व्हायला भारतात बी.ए.एस.एल.पी. ही श्रवण आणि वाक्-भाषा चिकित्सेची पदवी लागते. ती इंटर्नशिपसह चार वर्षांची असते, प्रवेशाला बारावी विज्ञान हवे आणि पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. मुंबईची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था ही त्याची ठिकाणे. ब्रिटनमध्ये भाषाविज्ञानाच्या पदवीधराला या व्यवसायाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाता येते. पुरवण्यांतला गोंधळ बहुधा तिथून आला असावा. शिक्षक व्हायचे असेल, तर बी.एड.ला शालेय विषयाची पदवी लागते आणि भाषाविज्ञान हा शालेय विषय नाही, तेव्हा बी.ए.ला मराठी, हिंदी किंवा इंग्रजी सोडू नये. प्राध्यापकपदाच्या पात्रतेची नेट परीक्षा या विषयात स्वतंत्र आहे (संकेतांक 31), पण ती उत्तीर्ण झाल्यावर मराठीच्या प्राध्यापकाची जागा मिळेल असे धरून चालू नये. जाहिरातीतला ‘संबंधित विषय’ हा शब्द निवड समिती आपल्या सोयीने वाचते. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत भाषाविज्ञान नाही. मराठी साहित्याच्या पहिल्या पेपरात भाषेचा भाग आहे, तिथे या अभ्यासाचा उपयोग होतो.

विद्यापीठांकडे एकच मागणी. नव्या चार वर्षांच्या रचनेत गौण विषयाची (‘मायनर’) जागा आहे. तिथे भाषाविज्ञान ठेवा, आणि ते केवळ मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी नको. संगणक, संख्याशास्त्र, मानसशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनाही खुले करा. महाविद्यालयात शिक्षक नाही, ही सबब पुरेशी नाही: सत्राच्या अभ्यासक्रमांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्येच दिली आहे. चार वर्षांची पदवी झाली की एम.ए. एका वर्षात होऊ शकते, म्हणजे काळही वाया जात नाही.

आणि पालकांनो, अर्ज भरण्याआधी मुलीला किंवा मुलाला एवढेच विचारा: ‘त्याने कविता वाचली’, पण ‘तो कविता शिकला’, ‘ती साडी नेसली’. दोन्हीकडे कर्म आहे, मग दुसरीकडे ‘ने’ का नाही? ‘असेच म्हणतात’ असे उत्तर आले, तर दुसरा विषय बघा. कागद घेऊन ‘शिकणे, नेसणे, विसरणे, पिणे…’ अशी यादी सुरू झाली, तर अर्ज भरा.

आपले,
भाषाविज्ञानाचे दोन अध्यापक, पुणे