'निदान सलाइन तरी लावा'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या वृद्ध माणसाचं खाणंपिणं सुटलं, की रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत एकच आग्रह असतो: 'निदान सलाइन तरी लावा.' पुण्या-बंगळुरूहून धावत आलेल्या मुलांचा तर फारच. शेवटच्या दिवसांत हृदय, मूत्रपिंडं मंदावलेली असतात. बाटलीतलं पाणी बाहेर पडत नाही. पायांवर सूज येते, छाती घरघरू लागते.

त्रास होतो तो बहुतेक तोंड कोरडं पडल्याने. बोटाला ओलं गॉज गुंडाळून तासा-दोन तासांनी जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू पुसावी. ओठांना व्हॅसलीन किंवा तूप लावावं. ऑक्सिजन सुरू असेल तर दोन्ही नको, पेट घेण्याचा धोका असतो. पाणी द्यायचं तर डोकं उंच करून, चमच्याने, आणि ठसका लागला की थांबायचं. गंगाजलसुद्धा आडव्या माणसाच्या तोंडात ओतू नये, जिभेवर थेंबभर पुरतं.

दर दोन तासांनी कूस बदलावी, एअर मॅट्रेस असली तरी. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात पाहाव्यात. लाल भाग बोटाने दाबून सोडला आणि तो पांढरा न होता लालच राहिला, तर आतून जखम सुरू झाली समजा. तिथे चोळू नका. रबरी रिंगही नको, तिच्या कडांचा दाब रक्तपुरवठाच तोडतो. पोटरीखाली उशी ठेवली की टाच अधांतरी राहते.

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचं नाव काढलं की घरचे दचकतात. त्याची साधी (हळूहळू विरघळणारी नव्हे) गोळी सहसा दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता द्यायची असते. मूत्रपिंडं अशक्त असतील तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा अंतर वाढवतात. पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवंच. नाहीतर शौचाला होत नाही, माणूस तळमळतो आणि घरच्यांना वाटतं दुखणं वाढलं. मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी मॉर्फिनच्या परवान्यांची कटकट अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीने कमी केली आहे. तेव्हा डिस्चार्ज घेतानाच विचारा: गोळी कुठे मिळेल, रात्री फोन कोणाला करायचा?

सलाइनवरून भावंडांत वाद नको असेल, तर आईवडील शुद्धीत असतानाच लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, करून घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2023 च्या आदेशानंतर त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी, एक औषधांच्या डब्याजवळ ठेवावी.

— एक निवृत्त परिचारिका, लोकमान्य नगर, इंदूर