फुटबॉलचा पैसा, बाकीच्या खेळाडूंची फरपट

संपादक महोदय,

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा परिषदांची (म्हणजे आपापसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांची) मोडतोड इथल्या मराठी पालकांनीही गांभीर्याने घ्यायला हवी. १९१५ पासूनची परंपरा सांगणारी, पश्चिम किनाऱ्यावरची ‘पॅक-१२’ परिषद २०२४ च्या उन्हाळ्यात बारा विद्यापीठांवरून दोनवर आली. टीव्ही हक्कांच्या पैशापायी यूसीएलए, यूएससी (दोन्ही लॉस एंजेलिसची), ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे ‘बिग टेन’ परिषदेमध्ये गेली (नाव टेन, विद्यापीठे आता १८). पॅसिफिककाठचे स्टॅनफर्ड आणि बर्कले थेट पूर्व किनाऱ्याच्या ‘अटलांटिक कोस्ट’ परिषदेत! ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांना मात्र कोणी विचारलेच नाही, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

पैसा (अमेरिकन) फुटबॉलचा, झळ व्हॉलीबॉल-सॉफ्टबॉलच्या मुलींना. बर्कलेहून याच परिषदेतले बॉस्टन चार हजार किलोमीटरांहून लांब, वर घड्याळात तीन तासांचा फरक. सामना संपला की विमानतळावर मांडीवर लॅपटॉप घेऊन असाइनमेंट पुरी करायची आणि अर्धवट झोपेत लेक्चर गाठायचे. यातल्या बहुतेकींना पुढे व्यावसायिक खेळाडू व्हायचे नाही. पदवी हीच त्यांची शिदोरी.

फुटबॉल संघ हंगामात जेमतेम डझनभर सामने खेळतो, तेही बहुतेक शनिवारी. त्याला हवे तिथे जाऊ द्या. बाकीचे खेळ जवळच्या विद्यापीठांशीच खेळवावेत, ही मागणी पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी विश्वस्त मंडळांकडे लावून धरावी.

— एक पालक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया