'मुलगा पाहिजे'च्या पाटीवर टायमिंग आणि पगार पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

दहावी-बारावीचे पेपर संपले की जळगावात दुकानांच्या काचांवर कागद चिकटायला लागतात. 'कामाला मुलगा पाहिजे', 'मुली पाहिजेत, आत चौकशी करा', बस एवढंच. फुले मार्केटला कपड्यांच्या दुकानांवर बघा, गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलवाल्यांकडे बघा, कॉलेजांच्या आजूबाजूला झेरॉक्स-स्टेशनरीवाल्यांकडे बघा, टायमिंग कुठेच लिहिलेलं नसतं, पगार नसतो, किती वयाचं पोरगं चालेल तेही नसतं. सगळं आत जाऊन विचारायचं. बोलक्या पोराला त्यात काही अडचण नाही, तो विचारतो, जमलं तर जमलं नाहीतर पुढचं दुकान. पण जी पोरं मुळातच कमी बोलतात, चार लोकांसमोर ज्यांचा आवाज फुटत नाही, ती त्या काचेसमोरून दोन-तीन चकरा मारतात आणि घरी परत जातात, आणि घरच्यांना वाटतं ह्याला कामच करायचं नाहीये. ह्या पोरांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

मी सेकंड इयर बीकॉमला आहे आणि अकरावीपासून एका झेरॉक्सच्या दुकानात पार्ट टाइम जाते. मला लाज कामाची कधीच वाटली नाही, लाज वाटायची ती विचारायची, आणि हा फरक मोठ्या माणसांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे खेड्यावरची कितीतरी पोरं-पोरी दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जातात, मामाच्या गावाला मीही गेलेली आहे. तिथे कोणी इंटरव्ह्यू घेत नाही. ओळीला लागायचं, वेचायचं, संध्याकाळी गाठोडं काट्यावर टाकायचं आणि किलोमागे ठरलेले पैसे घ्यायचे, रेट सगळ्यांना आधीच माहीत असतो, त्यामुळे एकदम अबोल पोरगीसुद्धा बिनधास्त जाते. दुकानात मात्र सगळी चौकशी गिऱ्हाइकांच्या देखत. "कितवीला? कोणाचा तू? गाडी येते का? किती घेशील?" आता हे 'किती घेशील' सोळा-सतरा वर्षांच्या पोराने काय सांगायचं, त्याला रेट माहीत नाही, जास्त बोललो तर हाकलतील अशी भीती, मग तो म्हणतो तुम्ही द्याल ते, आणि तोच त्याचा पगार ठरून जातो.

माझ्या एका मैत्रिणीला एका कपड्याच्या दुकानात सीझनला घेतलं, आधी ट्रायल बघू म्हणाले. ट्रायल झाल्यावर 'तू गिऱ्हाइकाशी बोलतच नाही' म्हणून नको सांगितलं आणि तेवढ्या दिवसांचे पैसेही दिले नाहीत. ती मागायलाही गेली नाही. अशी पोरं मागायला जात नाहीत हे दुकानदारांना चांगलं माहीत असतं, आणि मला राग ह्याच गोष्टीचा येतो.

खरं तर लाजाळू पोराला कामाला लागल्यावर फार त्रास होत नाही, कारण कामात बोलायचं काय ते ठरलेलं असतं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी विचारते, एका बाजूने की पाठपोट? आधार कार्ड असेल तर दोन्ही बाजू एकाच पानावर घेऊ ना? म्हणजे कार्ड काचेच्या कोपऱ्यात ठेवायचं, एक बाजू घ्यायची, उलटवून त्याच जागेवर दुसरी घ्यायची, तेवढ्या वेळात आजोबा स्वतःहून सांगायला लागतात की हे पेन्शनच्या कामाला पाहिजे, आणि आपण नुसतं हो-हो म्हणत गेलो तरी गप्पा होतात. जूनमध्ये तर विचारू नका, २०२५ पासून अकरावीचं ॲडमिशन सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय, त्यात उत्पन्नाचे दाखले, डोमिसाइल, मार्कशीट, सगळ्यांना सगळं एकाच दिवशी पाहिजे असतं. त्या गर्दीत मी पहिल्यांदा मोठ्याने 'लाइनीत या' म्हणाले. कोणाला काही विशेष वाटलं नाही पण मला अजून आठवतं.

आता दुकानदार काका-दादांना थोडं कायद्याचं सांगते. २०१६ ला बालकामगार कायदा बदलला. १४ च्या आतल्या पोराला दुसऱ्याच्या दुकानात कामाला ठेवताच येत नाही, १४ ते १८ वाल्याला ठेवता येतं पण धोक्याच्या कामाला नाही. त्याच कायद्यात ह्या वयासाठी असंही आहे की सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नको, मग १ तास सुट्टी, सगळं धरून दिवसाला ६ तासांच्या वर नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ अजिबात नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दिवाळीच्या सीझनला आपल्या मार्केटमध्ये ह्यातलं किती पाळलं जातं ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आणि ते 'गाडी येते का' आधी बंद करा. गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ शिवाय मिळत नाही, आणि २०१९ च्या बदलानंतर अल्पवयीन पोराने गाडी चालवून काही केलं तर पालकाला नाहीतर गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गाडी दुकानाची असली तर मालक तुम्हीच.

पैसे रोख द्या किंवा खात्यावर टाका पण लिहून द्या, साध्या वहीत तारीख, तास, रक्कम आणि दोघांची सही, एवढं बस झालं. पोराचं खातं नाही ही सबबही चालत नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १० वर्षांच्या वरचं मूल स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं.

माझ्यासारख्या पोरा-पोरींना पण सांगते, विचारायला संध्याकाळच्या गर्दीत जाऊच नका. एप्रिल-मेमध्ये जळगावच्या उन्हात दुपारी दोन ते चार मार्केट सामसूम असतं, मालक कूलरसमोर बसलेला असतो, गिऱ्हाईक नसतं, तेव्हा जा. एका कागदावर नाव, कितवीला, कोणत्या वेळेत येऊ शकतो आणि घरचा मोबाईल नंबर लिहून न्या, बोलणं अडकलं तर कागद हातात द्यायचा. मी असंच केलं होतं. सुरुवातीला झेरॉक्स, पुस्तकांचं दुकान, मेडिकलमध्ये माल लावायचं काम असं बघा जिथे हात जास्त चालतात आणि तोंड कमी. सीनियर कॉलेजला गेलात तर तिथे 'कमवा आणि शिका' योजना (कॉलेजमध्येच काम करून पैसे मिळवायची) आहे का विचारा, लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मिळालं तर आपल्यासारख्यांसाठी फार चांगलं.

आई-वडिलांना एक विनंती, ओळख काढून द्या, दुकानापर्यंत सोबत जा, पण तिथे पोराच्या ऐवजी तुम्ही बोलू नका. आणि बाहेर आल्यावर 'काही बोललाच नाहीस तू' असं तर अजिबात म्हणू नका, पोरगं पुन्हा जात नाही.

शेवटी तुम्हालाच मागणं आहे संपादक साहेब. तुमच्या छोट्या जाहिरातींमध्ये 'पाहिजेत'चा कॉलम असतो, त्यात एप्रिल ते जून विद्यार्थ्यांच्या पार्ट टाइम कामासाठी वेगळी जागा ठेवा, आणि ज्या जाहिरातीत टायमिंग, पगार, वय आणि कोणाला भेटायचं हे नसेल ती त्या जागेत घेऊ नका. आमचे दुकानमालक त्यांची पहिली जाहिरात द्यायला तयार आहेत, मी त्यांना विचारून ठेवलंय.

आपली वाचक,
एक विद्यार्थिनी, जळगाव