फ्लॉरेन्सहून आल्यावर, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर घाईघाईत सांगून मजा जाते म्हणून निवांत लिहितेय. लाँग वीकेंडला फ्लॉरेन्सला जाऊन आलो. या वेळी ग्रुप टूर नकोच म्हटलं, छत्री वर धरलेल्या गाईडच्या मागं पन्नास माणसांत पळायचं आणि काही विचारायला जावं तर ती पुढच्या चौकात, त्यापेक्षा आम्ही दोघांसाठीच एक लायसन्सवाली गाईड घेतली. पैसे जरा जास्त गेले पण अजिबात वाईट वाटत नाही, कारण जिथं वाटेल तिथं थांबता आलं.

आणि बाबा, सगळ्यात जास्त वेळ आम्ही ड्युओमो म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोर थांबलो आणि तिथं मला सारखी तुमची आठवण येत होती. चर्चचं काम 1296 ला सुरू झालं, भिंती झाल्या, पण वरचा घुमट कसा करायचा हेच कुणाला कळेना. जवळजवळ 45 मीटर रुंद, तेवढ्या उंचीवर खालून सेंटरिंग लावायचं तर लाकूड आणायचं कुठनं? मग ब्रुनेलेस्की नावाच्या माणसानं, जो मूळचा सोनारकाम शिकलेला, त्यानं खालनं सेंटरिंग न लावता तो बांधला!! 1420 ला सुरू करून 1436 ला पुरा. गाईडनं पेनानं कागदावर काढून दाखवलं, आडव्या विटांच्या थरात मधूनमधून एक वीट उभी, ती तिरकी तिरकी वर चढत जाते आणि ओल्या चुन्यातल्या विटा आत घसरू देत नाही. शिवाय घुमट एक नाही, दोन आहेत, आतला आणि बाहेरचा, आणि वर जायचा जिना त्या दोन्हींच्या मधून जातो. 463 पायऱ्या आहेत. तो कागद मी तुमच्यासाठी जपून ठेवलाय.

मग गल्ल्यांतून हिंडलो. इथं एकाच रस्त्यावर घरांचे नंबर काळे किंवा निळे आणि दुकानांचे लाल, दोन्ही वेगवेगळे मोजतात, त्यामुळं पत्ता शोधणारा माणूस हमखास चक्रावतो. जुन्या वाड्यांच्या भिंतीत हात जाईल एवढ्याच छोट्या खिडक्या आहेत, त्यातनं पूर्वी वाइन विकायचे आणि 1630 च्या प्लेगमध्ये त्यांचा फार उपयोग झाला, दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना शिवायलाच नको. पोन्ते वेक्किओ पूल बघितला, गर्दी फार, सगळी सोनारांची दुकानं. आधी तिथं खाटीक बसायचे, 1593 ला त्यांना उठवून सोनारांना जागा दिली.

सांता क्रोचे चर्चच्या बाजूला मात्र पाय निघेना. तिथं भिंतीवर डोक्याच्या कितीतरी वर एक पाटी आहे, 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीचं पाणी इथपर्यंत आलं होतं. तेव्हा लायब्ररीतली लाखो पुस्तकं चिखलात गेली आणि कुठकुठनं कॉलेजची पोरं येऊन हातानं एकेक पुस्तक बाहेर काढत होती. मी गाईडला आपला कोल्हापूरचा 2019 चा पूर सांगितला, शाहूपुरीत, कुंभार गल्लीत बोटी चालत होत्या ते. ती माझा हात धरून ऐकत होती.

आता मुख्य गोष्ट. आपले राजाराम महाराज, ज्यांच्या नावानं राजाराम कॉलेज आहे, ते 1870 ला इंग्लंडहून परत येताना याच गावात वारले. 30 नोव्हेंबरला. वय वर्षं वीस फक्त! तेव्हा इटलीत दहनाला परवानगी नव्हती, ती खास मिळवली आणि आर्नोला मुग्नोने नदी मिळते त्या संगमावर अग्नी दिला. टूरच्या यादीत ही जागा नव्हती, पण आम्ही कोल्हापूरचे म्हटल्यावर गाईड स्वतःहून म्हणाली चला, शेवट तिकडेच करू. कास्चिने नावाचं मोठं पार्क आहे, त्याच्या पार टोकाला. 1874 ला बांधलेली दगडी छत्री, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, गळ्यात मोत्यांच्या माळा. तुमच्या जावयांनी चप्पल काढून नमस्कार केला, मग मीही केला. जवळच मोठा पूल आहे त्याचं नाव पण या स्मारकावरूनच पडलंय, तिथली माणसं रोज ते नाव घेतात, पण तो राजा कोण हे सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. आपल्याकडं तरी कितीजणांना माहीत आहे? शाळेत आपल्याला हे नीट सांगायला पाहिजे होतं असं मला फार वाटलं.

आणि बाबा, ही छत्री ज्यानं डिझाइन केली तो मांट, त्यानंच आपला न्यू पॅलेस केलाय. गाईडला मी न्यू पॅलेसचे फोटो पाठवायचं कबूल केलंय, तर रविवारी जाऊन कमानींचे आणि मनोऱ्याचे चांगले जवळून काढा आणि व्हॉट्सअ‍ॅप करा, घड्याळ पण येऊ दे.

आई, इथल्या पावात मीठच घालत नाहीत, तुझी लसणाची चटणी होती म्हणून निभावलं, संपत आलीय. मे महिन्यात तुम्ही दोघं याच, हीच गाईड घेऊ, ती हळूहळू चालते आणि मध्ये बसू देते, त्यामुळं गुडघ्याचं कारण सांगू नकोस. पासपोर्टची तारीख बघून कळवा.

तुमची,
ताई

ता. क. दादाला सांगा, घुमटाचे व्हिडिओ त्याला वेगळे पाठवलेत.