गाणे रचणाऱ्यांची नावेही छापावीत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साठच्या दशकातील अमेरिकन पॉप संगीतावर आलेला लेख मनापासून आवडला. मात्र त्यात बहुतेक गाण्यांपुढे केवळ गायकांची नावे आहेत, आणि १९६४ मध्ये स्वतःची गाणी स्वतःच लिहिणारा बीटल्स हा ब्रिटिश चमू अमेरिकेत आल्यावर दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणाऱ्यांचा काळ संपला, एवढ्यावरच गीतकार-संगीतकारांची बोळवण झाली आहे. त्या काळाचा कणा हीच मंडळी होती, म्हणून हे पत्र.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर १६१९ क्रमांकाची ब्रिल बिल्डिंग आणि जवळच १६५० क्रमांकाची दुसरी इमारत, अशा दोन ठिकाणी गाण्यांचे प्रकाशक, म्हणजे गाणी लिहून घेऊन ती गायकांपर्यंत पोचवणारे व्यावसायिक, दाटीवाटीने बसत. १९५८ मध्ये अल नेविन्स आणि डॉन कर्शनर यांनी सुरू केलेल्या ‘अल्डन म्युझिक’ या प्रकाशन संस्थेत खुराड्यांसारख्या खोल्या होत्या; पियानो ठेवला की दोन माणसे जेमतेम मावत आणि शेजारच्या जोडीची चाल भिंतीतून ऐकू येई. दिवसा रसायनशाळेत नोकरी करणारे जेरी गॉफिन आणि त्यांची अठरा वर्षांची पत्नी कॅरोल किंग यांनी १९६० मध्ये ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ रचले. प्रियकराचे प्रेम उद्या सकाळीही टिकेल का, ही तरुण मुलीच्या मनातली धास्ती एका पुरुषाने इतक्या नेमकेपणाने शब्दांत मांडावी, याचे मला आजही नवल वाटते. द शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या चमूने गायलेले हे गाणे जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले.

पुढे गायक स्वतःच गाणी लिहू लागले, त्याचे श्रेय लेखात केवळ प्रामाणिक अभिव्यक्तीच्या ओढीला दिले आहे. ती ओढ खरीच होती, पण त्यामागे हिशेबही होता. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्व हक्क कायद्याने रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे एका गाण्याला दोन सेंट ठरवून दिले होते आणि हा दर १९७८ उजाडेपर्यंत बदलला नाही. दहा लाख प्रती खपल्या तर वीस हजार डॉलर; त्यातले निम्मे सहसा प्रकाशकाचे, उरलेले गीतकार आणि संगीतकार यांच्यात वाटले जात. रेकॉर्डच्या मागच्या बाजूचे गाणे कोणी ऐकले नाही, तरी त्यालाही तेवढाच दर मिळे. त्यातच नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले की मोबदला रचणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतो, गायकाला नाही. अमेरिकेत आजही हीच स्थिती आहे. गाणे स्वतः लिहून त्याचे प्रकाशनही आपल्याच हाती ठेवले, तर हा सारा पैसा घरातच राहतो, हे गायकांच्या आणि त्यांच्या व्यवस्थापकांच्या लक्षात न येते तरच नवल.

शिवाय ती लिहिणारी मंडळी संपलीही नाहीत. कॅरोल किंग यांनी १९७१ मध्ये ‘टॅपेस्ट्री’ या स्वतःच्या अल्बममध्ये तेच गाणे स्वतःच्या आवाजात गायले आणि तो अल्बम अमेरिकेत पंधरा आठवडे अग्रस्थानी राहिला.

आपल्याकडे हा अन्याय एकेकाळी उलट्या बाजूने होत होता. याच इंदूरमध्ये जन्मलेल्या लता मंगेशकर यांच्या ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. श्रोत्यांनी रेडिओकडे सतत विचारणा केली, तेव्हा कुठे खरे नाव लोकांपुढे आले. आज गायकांची नावे सर्वतोमुखी आहेत. मागे पडले आहेत ते रचणारे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्व हक्क कायद्यात गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा सुरक्षित केला, परंतु नावाच्या बाबतीत आपणच हात आखडता घेतो. आपल्या शहरातील भावगीतांच्या कार्यक्रमांतही निवेदक मूळ गायकाचे नाव आदराने घेतात आणि कवीचे नाव गाळून पुढे जातात, हे ऐकताना फार वाईट वाटते.

लेखाचा पुढील भाग येणार आहे, असे आपण जाहीर केले आहे. त्यात प्रत्येक गाण्याखाली, आकाशवाणीवर सांगत आले आहेत त्याच पद्धतीने, एक ओळ द्यावी ही विनंती. उदाहरणार्थ, ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ : गीत जेरी गॉफिन, संगीत कॅरोल किंग, स्वर द शिरेल्स.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, इंदूर