बाळाच्या बुटाच्या खोक्यावर सेंटिमीटर छापा

महोदय,

बाळाच्या बुटाच्या खोक्यावर '6 ते 9 महिने', '12 ते 18 महिने' असं छापायची पद्धत बंद व्हावी आणि तिथे आतली लांबी सेंटिमीटरमध्ये यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. कराडच्या बाजारपेठेत आमचं पादत्राणांचं दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. गल्ल्यावर घरातलं कुणीतरी बसतं, मी मात्र गिऱ्हाइकासमोरच्या ठेंगण्या स्टुलावरच असतो, त्यामुळे लहानग्यांची पावलं रोज हातात येतात.

एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन बाळांच्या पावलांत दोन नंबरांचा फरक सहज असतो. एकाचं पाऊल लांबट आणि चपटं, दुसऱ्याचं आखूड पण वरून गुबगुबीत. खोक्यावरचे महिने दोघांना एकच बूट देतात. त्यात बोरन्हाण, पहिला वाढदिवस किंवा मामाकडून येणारा आहेर, अशी खरेदी असली की बाळ दुकानात नसतंच. "दीड वर्षाचा आहे, त्याच्या मापाचा द्या," एवढंच सांगितलं जातं.

मोठ्या माणसाला बूट चावला की तो दुसऱ्या दिवशी परत येऊन आमच्याशी भांडतो. बाळ तसं करत नाही. जन्माच्या वेळी पावलाचा बराचसा सांगाडा कूर्चेचा असतो, हाडं पुढे वर्षानुवर्षं भरत जातात. असं मऊ पाऊल आखूड बुटात मुकाट्याने दबतं आणि बाळ रडतही नाही. बरं, पाऊल आत सरकवताना मूल बोटं आखडून घेतं. म्हणून वरून अंगठा दाबून "पुढे जागा आहे की!" म्हणणं फसवं असतं.

आमच्याकडे खेड्यातून येणाऱ्या आज्या अजूनही खराट्याचा हीर नातवाच्या पावलाएवढा मोडून, पदराच्या गाठीत बांधून आणतात. मला ही पद्धत महिने सांगण्यापेक्षा शंभर पटींनी शहाणपणाची वाटते. तिला दोनच गोष्टी जोडाव्या लागतात. झोपलेल्या बाळाचं माप घेऊ नये, कारण उभं राहिल्यावर अंगाच्या भाराने पाऊल लांबतं आणि पसरतं. मूल उभं राहत असेल तर भिंतीला टाच लावून उभं करावं, दोन्ही पावलं मोजावीत आणि मोठं निघेल ते धरावं. दुसरं म्हणजे हीर पावलापेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त ठेवून तोडावा. दुकानात तो बुटाच्या आत टाचेपासून सरळ घालून बघायचा. वाकला तर बूट आखूड. दोऱ्याने हे जमत नाही, तो आत गोळा होतो. बाळ सोबत असेल आणि सुकतळा निघत असेल तर तो बाहेर काढून त्यावर बाळाला उभं करावं. बोटांच्या पुढे किती जागा उरते आणि चवडा कडेने बाहेर येतो का, हे डोळ्यांनी दिसतं.

"वाढत्या अंगाचे द्या दादा, वर्षभर जायला हवेत," हे वाक्य मी दिवाळीच्या दिवसांत सतत ऐकतो. खिशाचा प्रश्न मला कळतो. दोन वर्षांच्या आत पाऊल इतक्या झपाट्याने वाढतं की दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा बघावं लागतं, आणि दर वेळी नवा जोड कुणाला परवडतो? पण हिशेब बघा. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर वाढवून घेतले की सतरा मिलिमीटर जास्तीची पोकळी झाली, आणि ती वाढीसाठी ठेवलेल्या सेंटिमीटरवर. तेरा सेंटिमीटरच्या पावलाला ही पोकळी फार आहे. मूल बूट पकडून ठेवण्यासाठी बोटं आवळतं, पाय फरफटतं, अडखळून पडतं. त्यापेक्षा साधा, स्वस्त, कापडी वरचा भाग आणि पातळ सोल असलेला मापाचा जोड घ्यावा. मोठ्या भावंडाचा जोड धाकट्याला द्यायलाही हरकत नाही, फक्त आतला सुकतळा पहिल्याच्या पावलाने खोलगट झालेला किंवा टाच एका बाजूला कललेली नसावी.

आणि चालायला लागेपर्यंत बूट लागतोच कशाला? विक्रेता असूनही मी हे गिऱ्हाइकांना तोंडावर सांगतो. थंडीत मऊ मोजे पुरेत, तेही बोटांवर न ताणले जाणारे. गुळगुळीत फरशीवर चालायला शिकणाऱ्या मुलाचे मोजेही काढून ठेवावेत, नाहीतर ते घसरतं. घरात अनवाणी चालताना बोटं पसरतात, जमीन धरतात. 1992 साली राव आणि जोसेफ या कर्नाटकातल्या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासले. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण 8.6 टक्के निघालं, न घालणाऱ्यांत 2.8 टक्के. पुढून बंद बूट वापरणाऱ्यांत ते सगळ्यांत जास्त होतं, सँडल आणि स्लिपर वापरणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणून अडीच-तीन वर्षांच्या मुलांना बालवाडीत पूर्ण वेळ काळे बंद बूट घालून बसवण्याचा काही शाळांचा आग्रह मला पटत नाही. वर्गात सतरंजीवर बूट कशाला? बाहेरची गोष्ट वेगळी. तापलेला डांबरी रस्ता, काचा, ओल्या मातीतून पायावाटे शिरणारे हुकवर्म, यांपासून पाय झाकायलाच हवा.

बाहेरसाठी घेताना सोल हातात धरून वाकवून बघावा. तो चवड्यापाशी सहज मुडपला पाहिजे, मधोमध दुमडणारा नको आणि फळीसारखा ताठही नको. पुढचा भाग रुंद हवा, टाच उंच नको, वर पट्टी किंवा लेस हवी. शिट्टीचे बूट मी ठेवणं बंद केलं आहे, शिट्टी निघून तोंडात जाते. दिवे लागणाऱ्या बुटांत बटण सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिका जळते, हे आईवडिलांना माहीत असायला हवं.

काही पालक पावलाला कमान आणणारा बूट मागायला येतात. त्या वयात तळव्याला चरबीची गादी असल्याने पाऊल सपाट दिसतंच, त्यासाठी उंचवट्याचा बूट लागत नाही. पाऊल जन्मतःच आत वळलेलं असेल तर तो क्लबफूट असू शकतो आणि कुठलाही दुकानदार त्यावर बूट विकत असेल तर घेऊ नये. त्यावर पॉन्सेटी पद्धतीने प्लास्टर घालून उपचार होतात, ते पहिल्या काही आठवड्यांत सुरू व्हावे लागतात आणि सरकारी रुग्णालयांतही मिळतात. असे पालक आले की मी त्यांना थेट हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

आता मूळ मागणीकडे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशात 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं यंत्राने मोजली. आपली पावलं सरासरीने युरोपीय पावलांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. तिच्या आठ गटांपैकी पहिला एक वर्षापर्यंतच्या बाळांचा आणि दुसरा एक ते तीन वर्षांच्या मुलांचा आहे. गट वयाचे असू द्यात, पण त्या गटांची नावंच पुन्हा खोक्यावर येऊन बसली तर गिऱ्हाईक आजच्यासारखंच वय सांगून बूट मागेल. म्हणून भारतीय मानक ब्युरोने लहान मुलांच्या प्रत्येक जोडावर आतली लांबी, आणि शक्य तिथे चवड्याची रुंदीही, आकड्यात छापणं बंधनकारक करावं. दुकानदार बांधवांनीही एक मापपट्टी स्टुलाखाली ठेवावी. आकडा छापायला कंपनीला नवा साचा लागत नाही, खोक्यावरच्या चिठ्ठीत एक ओळ वाढवावी लागते.

– एक पादत्राणे विक्रेता, कराड